रिपोर्ट नॉर्मल असताना आजार कसा? स्किझोफ्रेनियाचे निदान आणि उपचार

मुलाला किंवा मुलीला पहिल्यांदा मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन येणारे कुटुंब बहुधा एक जाड फाइल सोबत आणते. तीत मेंदूचा एमआरआय असतो, ईईजी असतो, रक्त-लघवीच्या तपासण्या असतात आणि बहुतेक कागदांवर ‘नॉर्मल’ असे लिहिलेले असते. डॉक्टर ती फाइल चाळून बाजूला ठेवतात, रुग्णाशी आणि घरच्यांशी बराच वेळ बोलतात, प्रश्नांमागून प्रश्न विचारतात आणि मग आजाराचे नाव सांगून गोळ्या लिहून देतात. घरी परतताना आईवडिलांच्या मनात शंका येते की, सगळे रिपोर्ट चांगले असताना केवळ बोलण्यावरून एवढ्या मोठ्या आजाराचे निदान कसे काय होऊ शकते? ही शंका रास्त आहे. तिचे नीट उत्तर कुणी देत नाही, म्हणूनच पुष्कळ घरांत गोळ्या महिन्या-दोन महिन्यांत बंद पडतात. हा लेख स्किझोफ्रेनिया या एका आजाराच्या आधाराने त्या शंकेचे उत्तर देण्यासाठी आहे, कारण मनोविकारांचे निदान कसे होते आणि त्यानंतर काय करायचे असते, हे या आजारात सर्वांत स्पष्टपणे पाहता येते.

स्किझोफ्रेनिया ओळखणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन आज उपलब्ध नाही. लक्षणे नेमकी कोणती आहेत, ती किती काळ टिकली आहेत आणि त्यांमुळे माणसाच्या शिक्षणात, कामात, नात्यांत काय फरक पडला आहे, या तीन गोष्टींवर निदान उभे असते. हे ऐकायला कच्चे वाटते खरे. पण अर्धशिशीचे निदानही डॉक्टर रुग्णाच्या सांगण्यावरूनच करतात आणि त्याबद्दल सहसा कुणी हरकत घेत नाही.

आजार दिसतो कसा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे दर ३०० माणसांमागे साधारण एकाला, हा आजार आहे. पुरुषांमध्ये तो बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो, स्त्रियांमध्ये काही वर्षे उशिरा. बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, लग्न हे सारे ज्या वयात येते त्याच वयात तो येत असल्यामुळे सुरुवातीची लक्षणे अभ्यासाचा ताण, प्रेमभंग किंवा वाईट संगत यांच्या खात्यावर टाकली जातात.

सर्वांच्या नजरेत भरणारी लक्षणे म्हणजे भास आणि भ्रम. भासांत सर्वाधिक आढळतात ते आवाजाचे भास: खोलीत कुणी नसताना माणसे बोलताना ऐकू येतात, ती एकमेकांशी रुग्णाविषयी चर्चा करतात, तो काय करतो आहे याचे वर्णन करत राहतात, शिव्या देतात, क्वचित आज्ञा देतात. हे आवाज रुग्णाला कल्पनेसारखे वाटत नाहीत. तुम्हाआम्हाला शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू यावे तितके ते खरे असतात, आणि मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या अभ्यासांत भास होत असताना वाचा आणि श्रवण यांच्याशी संबंधित भाग कार्यरत झालेले दिसले आहेत. भ्रम म्हणजे पुरावा कितीही विरुद्ध असला तरी न हलणारी समजूत. शेजारी पाळत ठेवतात, मोबाइलमधून कुणीतरी विचार वाचते, जेवणात विष घातले आहे, टीव्हीवरचा निवेदक आपल्याच विषयी बोलतो आहे, अशी ती रूपे असतात. याच्या जोडीला कधी विचारांची साखळी तुटते, वाक्यामागून वाक्य येते पण ऐकणाऱ्याला धागा सापडत नाही.

दुसऱ्या प्रकारची लक्षणे आवाज करत नाहीत, आणि माझ्या मते कुटुंबांचे सर्वांत जास्त नुकसान त्यांच्याविषयीच्या अज्ञानाने होते. त्यांना उणे लक्षणे म्हणतात, कारण त्यांत माणसाजवळ आधी असलेले काहीतरी कमी होते. पूर्वी मित्रांत रमणारा मुलगा खोलीबाहेर येईनासा होतो, बोलणे एक-दोन शब्दांवर येते, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, आंघोळ चार-चार दिवस राहते, काही करावेसे वाटतच नाही. घरचे याला आळस म्हणतात, उद्धटपणा म्हणतात, ‘जबाबदारी पडली की सुधारेल’ म्हणून दुकान काढून देतात किंवा लग्न लावून देतात. प्रत्यक्षात काही करण्याची प्रेरणा निर्माण होण्याची मेंदूतील प्रक्रियाच या आजारात मंदावलेली असते, आणि ज्याला आवाजही ऐकू येत नाहीत, संशयही उरलेला नाही, असा रुग्णही केवळ या उणे लक्षणांमुळे वर्षानुवर्षे घरात बसून राहू शकतो. लक्ष देणे, लक्षात ठेवणे, कामाचा क्रम आखणे या क्षमताही अनेकांत घटतात आणि त्यामुळे हुशार विद्यार्थी अचानक नापास होऊ लागतो. भास सुरू होण्याच्या कितीतरी आधी ही घसरण दिसू शकते.

एकाच शरीरात दोन व्यक्ती वावरतात अशी जी समजूत चित्रपटांनी पसरवली आहे, तिचा या आजाराशी काही संबंध नाही. हे रुग्ण हिंसक असतात ही समजूतही बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत चुकीची आहे. इतरांकडून मारहाण, फसवणूक आणि छळ सोसण्याची वेळ मात्र त्यांच्यावर सामान्य माणसापेक्षा अधिक येते.

निदान करताना डॉक्टर काय पाहतात

पहिल्या भेटीत डॉक्टर एकाच वेळी दोन कामे करत असतात. एक म्हणजे आजाराचा इतिहास घेणे, आणि तो रुग्णाबरोबरच घरच्यांकडूनही घ्यावा लागतो, कारण आपण आजारी आहोत ही जाणीवच या आजारात अनेकदा हरवलेली असते. दुसरे काम म्हणजे मनःस्थितीची तपासणी. रुग्णाचा पोशाख, नजर, बोलण्याचा वेग, विचारांचा ओघ, सांगितलेल्या गोष्टीशी चेहऱ्यावरच्या भावनेचा मेळ, लक्ष, स्मृती, आजाराची जाण हे सगळे बोलता बोलता टिपले जाते. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून जे ऐकले जाते त्याच्याइतकीच ही तपासणी शिकावी लागते आणि तिचा ठरलेला क्रम असतो.

प्रश्न बारकाईचे असतात, आणि त्यामागे कारण असते. केवळ ‘आवाज येतात’ एवढ्यावरून स्किझोफ्रेनिया ठरत नाही. तीव्र नैराश्यातही आवाज येऊ शकतात, पण ते बहुधा ‘तू पापी आहेस, तू जगू नकोस’ अशा, त्या उदास मनाशी जुळणाऱ्या गोष्टी बोलतात. द्विध्रुवीय (बायपोलर) विकारात मन कधी उन्मादाकडे तर कधी नैराश्याकडे झुकते; त्यातल्या उन्मादात रुग्णाला आपल्यात दैवी शक्ती आल्याचे, मोठे कार्य सोपवले गेल्याचे वाटते, झोपेची गरज उरत नाही, पैसा पाण्यासारखा खर्च होतो. म्हणून मूड आधी बदलला की आवाज आधी आले, मूड पूर्ववत झाल्यावर आवाज थांबले का, हे डॉक्टर खोदून विचारतात. उत्तर बदलले तर औषधही बदलते: द्विध्रुवीय विकारात लिथियमसारखी मूड स्थिर ठेवणारी औषधे मुख्य ठरतात, स्किझोफ्रेनियात भासभ्रमविरोधी औषधे.

काळाचा निकष तितकाच महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनुसार मुख्य लक्षणे किमान एक महिना टिकलेली असावी लागतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमपुस्तिकेनुसार आजाराच्या खुणा एकूण सहा महिने असाव्या लागतात. मोठ्या धक्क्यानंतर किंवा तापानंतर अचानक उसळून काही दिवसांत पूर्ण मावळणारा तीव्र मनोविकार वेगळा असतो; भारतात तो बराच आढळतो आणि त्यातून माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी केसपेपरवर ‘सायकोसिस’ (भासभ्रमांची अवस्था) एवढाच मोघम शब्द लिहिला आणि पुढच्या भेटींनंतर पक्के नाव दिले, तर त्याला अज्ञान समजू नये; ते सावधपणाचे काम आहे. दोन वर्षांनी निदान बदलले तरी त्याचा अर्थ आधीचे डॉक्टर चुकले असाच होतो असे नाही, कारण आजाराचे पूर्ण रूप उलगडायला वेळ लागतो.

मग एमआरआय आणि रक्ततपासण्या कशासाठी? भासभ्रम निर्माण करणारे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. गांजा आणि इतर अमली पदार्थ, दारू एकाएकी सोडल्यानंतरची अवस्था, थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मेंदूच्या कानशिलाकडील भागातील फिट्स, स्टेरॉइडची औषधे, मेंदूतील गाठ यांपैकी काहीही स्किझोफ्रेनियासारखे चित्र उभे करू शकते. २००७ मध्ये असा एक आजार नेमका ओळखला गेला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील एनएमडीए नावाच्या ग्राहकांवर (रिसेप्टर, म्हणजे रासायनिक संदेश टिपणारे पेशींवरील भाग) हल्ला करते. यात बहुधा तरुण स्त्रिया अचानक विचित्र वागू लागतात आणि मग फिट्स, ताप, हातातोंडाच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. हा आजार वेळेवर ओळखला तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या उपचारांनी बहुसंख्य रुग्णांत बरा होतो. म्हणून भासांच्या जोडीला ताप, फिट्स, गुंगी, दिवस-रात्रीचे भान सुटणे, किंवा किडे-साप यांसारखे दिसणारे भास असतील, अथवा पन्नाशी-साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असे काही घडत असेल, तर शरीराची सखोल तपासणी टाळू नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईचे वागणे असे बदलले तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तिच्या आणि बाळाच्या जिवाला त्यात धोका असतो.

‘तपासणीत दिसत नाही, म्हणजे आजार मेंदूचा नाही’ असे मानणाऱ्यांनी एक इतिहास लक्षात घ्यावा. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मनोरुग्णालयांत भव्यतेचे भ्रम, स्मृतिभ्रंश आणि अखेर पक्षाघात होऊन मरणारे असंख्य रुग्ण असत. त्यांच्या वेडेपणाचे कारण कुणी चारित्र्यात शोधले, कुणी अतिश्रमात. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवून दिले. पुढे पेनिसिलिन आले आणि तो आजार मनोरुग्णालयांतून जवळपास नाहीसा झाला. त्या जंतूंचा शोध लागण्याच्या आदल्या दिवशीही तो मेंदूचाच आजार होता.

निदान केवळ बोलण्यावर असल्याने त्यात माणसामाणसांत फरक पडण्याचा धोका असतो, हे या शास्त्राने स्वतः तपासून मान्य केले आहे. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनच्या तुलनेत कितीतरी अधिक होत असे. दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच ठरलेल्या प्रश्नावलीने मुलाखत घेतल्यावर तो फरक बराचसा मावळला. म्हणजे रुग्ण सारखेच होते, डॉक्टरांच्या व्याख्या वेगळ्या होत्या. अशा अभ्यासांमुळे लेखी निकषांची गरज पटली आणि १९८० मधील अमेरिकन नियमपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते काटेकोरपणे मांडले गेले. आज प्रशिक्षित डॉक्टर ते निकष लावतात तेव्हा त्यांचे एकमत पूर्वीपेक्षा बरेच अधिक होते.

इथे संस्कृतीचा प्रश्नही येतो. जत्रेत किंवा आरतीच्या वेळी अंगात येणारी, आणि एरवी घर-शेती नीट सांभाळणारी बाई स्किझोफ्रेनियाची रुग्ण नसते. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये हे तत्त्व व्यापक रूपात नोंदले आहे: मानसिक आजार राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या वैद्यकीय निकषांवरच ठरवला पाहिजे, माणसाची जात, धर्म, आर्थिक वा राजकीय स्थिती, किंवा समाजाच्या नैतिक-धार्मिक कल्पनांशी त्याचे न जुळणे, हा निदानाचा आधार होऊ शकत नाही. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करू पाहणाऱ्या मुलीवर ‘वेडी’ असा शिक्का मारता येत नाही, हे कायद्याने सांगावे लागले, यातच त्याची गरज दिसते.

कारणे: कुणाचाही दोष नाही

विसाव्या शतकाच्या मध्यास काही तज्ज्ञ आईच्या थंड, दुटप्पी वागण्यामुळे हा आजार होतो असे सांगत असत. पुरावा न सापडल्याने ती कल्पना टाकून दिली गेली, पण तोवर कित्येक आयांनी विनाकारण अपराधीपणा सोसला. आपल्याकडे आजही ‘तुमच्या लाडाने झाले’ किंवा ‘तुमच्या मारण्याने झाले’ असे नातेवाईक बोलून जातात. आनुवंशिकतेचा वाटा मात्र मोठा आहे. सामान्य लोकसंख्येत आयुष्यभरात कधीतरी हा आजार होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास असतो, आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असल्यास अपत्यात तो साधारण दहापट होतो, आणि एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आजार असल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत सुमारे ३० ते ५० टक्के आढळले आहे. जनुके तंतोतंत सारखी असूनही ते शंभर टक्के नाही, यावरून इतर कारणेही काम करतात हे उघड होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातील २८७ ठिकाणे या आजाराशी जोडलेली आढळली. प्रत्येकाचा परिणाम अगदी लहान. गर्भारपणातील व जन्मावेळच्या अडचणी, मोठ्या शहरातील वाढ, स्थलांतर, बालपणीचा छळ यांनी धोका वाढतो. किशोरवयात गांजा ओढण्यानेही तो वाढतो, आणि यांतली टाळण्याजोगी म्हणावी अशी बाब ती असल्याने घरात हा आजार असलेल्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

औषधे काय करतात

१९५२ मध्ये पॅरिसमधील सेंट-ॲन रुग्णालयात झाँ दले आणि पिअर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिले आणि उपचारांचे युग बदलले. ते शस्त्रक्रियेआधी रुग्ण शांत राहावा म्हणून वापरात आले होते. भासभ्रम कमी करण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. पुढे समजले की ही औषधे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे डी-२ ग्राहक अडवतात. स्किझोफ्रेनियाच्या तीव्र अवस्थेत मेंदूच्या एका भागात डोपामिन प्रमाणाबाहेर स्रवते, आणि डोपामिनचे एक काम म्हणजे ‘ही गोष्ट महत्त्वाची आहे’ अशी खूण करणे. ती खूण भलत्याच गोष्टींवर उमटू लागली की रस्त्यावरून गेलेली लाल गाडी, कुणाचे खोकणे, बातमीतला एखादा शब्द हे सारे आपल्यासाठीच आहे असे वाटू लागते, आणि मन त्याचा अर्थ लावताना भ्रम रचते. औषध सुरू झाल्यावर झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते, पण आधी रचलेला भ्रम विरायला आठवडे लागतात. ‘आठ दिवस गोळ्या घेतल्या, फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलणाऱ्या कुटुंबांनी निदान चार ते सहा आठवडे, योग्य मात्रेत, एकाच औषधाला द्यावेत.

आज प्रामुख्याने रिस्पेरिडोन, ओलांझापिन, अरिपिप्राझोल ही औषधे वापरली जातात. दुष्परिणाम खरे असतात आणि ते डॉक्टरांना सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे. डी-२ ग्राहक सुमारे ८० टक्क्यांहून अधिक अडवले गेले की हातपाय ताठणे, थरथर, बसवत नाही अशी तगमग हे त्रास वाढतात. अनेकदा मात्रा कमी करून किंवा औषध बदलून ते जातात. काही औषधांनी, विशेषतः ओलांझापिनने, वजन आणि साखर वाढते. या आजाराच्या माणसांचे आयुर्मान सरासरी दहा-पंधरा वर्षांनी कमी असते आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, तंबाखू यांचा असतो, म्हणून वजन, रक्तदाब, साखर आणि चरबी यांची नियमित तपासणी हा मनोविकाराच्या उपचारांचाच भाग समजला पाहिजे. मासिक पाळी बंद होणे किंवा लैंगिक अडचण येणे याविषयी लाजेपोटी कुणी बोलत नाही आणि गोळ्या मुकाट्याने कचऱ्यात जातात; डॉक्टरांनी हे आपणहून विचारले पाहिजे असे मला वाटते.

या गोळ्यांची दारू-अफूसारखी चटक लागत नाही. त्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात, कारण त्या थांबल्या की आजार परतण्याचा धोका मोठा असतो. ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात एका वर्षात आजार उलटण्याचे प्रमाण औषध चालू ठेवलेल्यांत २७ टक्के आणि बंद केलेल्यांत ६४ टक्के होते. पहिल्या झटक्यानंतर बरे वाटू लागल्यावरही साधारण एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवण्याचा सल्ला बहुधा दिला जातो. वारंवार झटके आलेल्यांत हा काळ लांबतो. रोजची गोळी विसरणाऱ्यांना किंवा तिचा कंटाळा येणाऱ्यांना दोन ते चार आठवड्यांतून एकदा, काहींना तीन महिन्यांतून एकदा घ्यायची लांब परिणामाची इंजेक्शने मिळतात. चहात किंवा वरणात गोळी विरघळवून देणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यामागची अगतिकता समजते, पण ज्याला आधीच विषप्रयोगाचा संशय आहे त्याला ते उमगले तर उरलासुरला विश्वासही जातो. म्हणून हा मार्ग कायमचा करण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून इंजेक्शनचा किंवा काही दिवस दाखल करण्याचा विचार करावा.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही भास हटत नसतील तर क्लोझापिनचा विचार व्हायलाच हवा. या औषधाने सुमारे एक टक्का रुग्णांत रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. फिनलंडमध्ये १९७५ मध्ये त्यामुळे मृत्यू झाले आणि ते अनेक देशांत मागे पडले. मात्र १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापिनने सुधारले, तर क्लोरप्रोमाझिनने केवळ ४ टक्के, आणि नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावे लागते, म्हणून डॉक्टरही ते लिहायला आणि रुग्णही ते घ्यायला कचरतात. आत्महत्येचे प्रयत्नही या औषधाने कमी होतात, ही गोष्ट इथे विशेष महत्त्वाची, कारण स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी सुमारे पाच टक्क्यांचा मृत्यू आत्महत्येने होतो.

शॉक ट्रीटमेंट या शब्दाने घाबरून जाऊ नये. रुग्ण हालचाल, बोलणे, खाणे सारे थांबवून दगडासारखा झाला असेल किंवा जिवाला धोका असेल, तेव्हा ती जीव वाचवते. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता ती देण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

घर, काम आणि गाव

औषधाने आवाज थांबतात. दिवस भरून निघत नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी १९५० च्या दशकात पाहिले की रुग्णालयातून घरी गेलेल्या काही रुग्णांचा आजार लवकर उलटतो, आणि पुढील अभ्यासांत दिसले की सतत टोचून बोलणे, राग आणि श्वासही घेऊ न देणारी अतिकाळजी असलेल्या घरांत हे प्रमाण अधिक असते. असेच मोजमाप १९८० च्या दशकात चंडीगडमधील कुटुंबांत झाले तेव्हा अशी टीका लंडनच्या मानाने कमी, आणि गावांत तर आणखी कमी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नऊ देशांतील अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होते, आणि तिथल्यासारख्या विकसनशील देशांतील केंद्रांत रुग्णांची पुढील वाटचाल अनेक श्रीमंत देशांपेक्षा बरी दिसली. त्यामागच्या कारणांवर अजून वाद आहे, पण उपचार न मिळालेल्या रुग्णाचे हाल भारतातही तितकेच होतात, हे त्या आकड्यांच्या अभिमानात विसरता कामा नये. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हे गुन्हे ठरवले आहेत. देवदर्शनाला कुणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी औषध थांबवू नये आणि रुग्णाच्या अंगाला कुणाचा हात लागू देऊ नये.

घरच्यांना आजार समजावून देण्याचे कार्यक्रम पुन्हा झटका येण्याचे प्रमाण कमी करतात, याला चांगला पुरावा आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यातील आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थांत रुग्णांना शुभार्थी आणि त्यांचा सांभाळ करणाऱ्यांना शुभंकर म्हणतात, आणि त्यांचे आधारगट चालतात. एकट्याच घरात हे दुःख आहे असे समजून वर्षानुवर्षे गप्प राहिलेल्या आईला अशा गटात पहिल्यांदा बोलता येते. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे २८२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. गावातल्याच, थोडे प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी रुग्णाच्या घरी जाऊन गोळ्या, दिनक्रम, काम आणि सरकारी मदत यांबाबत साथ दिली, तेव्हा नुसत्या दवाखान्यातील उपचारांपेक्षा लक्षणे आणि अपंगत्व थोडे अधिक कमी झाले; सर्वांत ठळक फरक दिसला तो कांचीपुरमच्या ग्रामीण भागात, जिथे एरवी सेवा तुटपुंज्या होत्या. फरक माफक होता, आणि तो माफक असल्याचे संशोधकांनी लपवले नाही; तरी डॉक्टर तालुक्यालाही मिळत नाही अशा प्रदेशासाठी तो मोलाचा आहे.

लग्नाविषयी एकच सांगतो. आजार लपवून केलेले लग्न अनेकदा मोडते, कारण लपवण्यासाठी गोळ्या बंद केल्या जातात आणि आजार उलटतो. सांगून केलेली लग्ने टिकलेली आहेत.

मदत कुठे मिळते, हे थोडक्यात. जिल्हा रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य सुरू असून मराठीतही बोलता येते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले जात असतील तर तिथे लगेच फोन करावा आणि माणसाला एकटे सोडू नये. रुग्ण उपचारांस तयार नसेल आणि धोका असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, सुरुवातीला तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झाल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सवलती मिळतात, आणि मानसिक आजाराला आरोग्य विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीने जागा देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला एक हक्क फारच थोडे लोक वापरतात. बरे असताना माणूस लेखी निर्देश करून ठेवू शकतो की, पुन्हा आजार उसळला तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावे. त्याच सुमारास रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून आणखी एक कागद करावा, ज्यावर मागच्या झटक्याआधी दिसलेल्या खुणा असतील: कुणाची झोप तीन रात्री तुटते, कुणी मोबाइल बंद करून ठेवतो, कुणी खिडक्यांना कागद चिकटवतो, आणि एकाच माणसात त्या बहुधा दर वेळी सारख्याच असतात. खूण दिसली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. पूर्वी लागू पडलेल्या औषधाचे नाव, त्याची मात्रा आणि ज्याने त्रास झाला त्या औषधाचे नाव त्याच कागदावर असेल, तर परगावी, रात्रपाळीवर असलेल्या अनोळखी डॉक्टरलाही उपचार लगेच आणि योग्य रीतीने सुरू करता येतात.